एकच प्रयोग, चार विद्यापीठं: आकडे जुळत नसतील तर या चुका टाळा

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांनी एकच प्रयोग आपापल्या भागात घेतला, की निघणाऱ्या शिफारशीवर शेतकरी जास्त भरवसा ठेवू शकतो. तो त्यावर पदरचे पैसे घालतो, म्हणून तक्ते एकत्र करण्याआधीची तपासणी कसून व्हायला हवी. उदाहरणादाखल भुईमुगाला शेणखत देण्याचा प्रयोग घेऊ.

सगळ्यात मोठा घोळ स्फुरदाच्या तपासणीत होतो. दापोलीकडची जांभी जमीन आम्लधर्मी, तिथे ब्रे पद्धत चालते. काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीला मात्र ओल्सेन पद्धत, म्हणजे ८.५ सामूचं (पीएचचं) सोडियम बायकार्बोनेट लागतं. एकसारखेपणाच्या हट्टापायी सगळीकडे ब्रे वापरली, तर चुनखडी त्यातलं आम्लच मारून टाकते आणि जमिनीत स्फुरद असूनही आकडा कमी येतो. पद्धती वेगळ्याच राहू द्या. आकडे शेजारी मांडून तुलना करू नका. प्रत्येक केंद्राने आपल्या पद्धतीच्या वर्गवारीप्रमाणे कमी, मध्यम, जास्त असं लिहावं. एककही तपासा. एकाने नुसता स्फुरद (पी) आणि दुसऱ्याने पी-टू-ओ-फाइव्ह, म्हणजे त्याचं ऑक्साइड, लिहिलं, तर तिथेच २.२९ पटींचा फरक पडतो.

कोकणातल्या खारजमिनीत सेंद्रिय कर्ब अवाच्या सवा आला, तर क्लोराइडचा संशय घ्या. कर्ब मोजायच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत कर्बासाठी घातलेलं डायक्रोमेट ते खातं, म्हणून कर्ब जास्त दिसतो. सल्फ्युरिक आम्लात सिल्व्हर सल्फेट घातलं की हा दोष जातो.

प्रयोगशाळांचा ताळमेळ बघायला काळ्या आणि जांभ्या मातीचा एकेक मोठा नमुना वाळवून, २ मिमी चाळणीने चाळून, नीट मिसळून चारही ठिकाणी पाठवा. एकीचाच आकडा वेगळा आला, तर आधी तिथलं ब्लँक (मातीशिवाय केलेली तपासणी) आणि द्रावणं तपासा.

‘हेक्टरी ५ टन शेणखत’ एवढं ठरवून भागत नाही. ३० टक्के ओलाव्याच्या ५ टनांत साडेतीन टन कोरडं खत असतं, ६० टक्के ओलाव्याच्या ५ टनांत फक्त दोन टन. ढिगातल्या पाच-सहा ठिकाणचं खत मिसळून १०० ग्रॅम घ्या, ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि मात्रा कोरड्या वजनावर ठरवा. शेंगांचंही तेच: १८ टक्के ओलाव्याच्या २० किलो शेंगा ८ टक्क्यांवर आणल्या की १७.८ किलोच भरतात.

पाच ट्रीटमेंट (तुलना करायचे प्रकार) आणि तीन रेप्लिकेशन (प्रत्येकीच्या पुनरावृत्ती) घेतली, तर रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन या मांडणीत एररची डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे चूक अजमावायला उरणाऱ्या स्वतंत्र तुलना, (५-१)×(३-१) = ८ च राहते. ती किमान १२ हवी, म्हणून चार रेप्लिकेशन घ्या. केंद्रांची आकडेवारी एकत्र करण्याआधी बार्टलेट चाचणी लावा; सगळ्या केंद्रांच्या एररचा चढउतार सारखा आहे का, हे ती सांगते. कोकणात एक ट्रीटमेंट सरस आणि विदर्भात दुसरी असं निघालं, तर सरासरीत ते दडपू नका, दोन्ही भागांसाठी वेगळी शिफारस द्या.