दंडाच्या यादीवर मिळालेली फेलोशिप

फेलोशिपसाठी, म्हणजे पीएच.डी. करताना मिळणाऱ्या विद्यावेतनासाठी, मी केलेल्या पहिल्या अर्जातला विषय आधीच सांगून टाकते, म्हणजे हसून मोकळे व्हाल : ‘बडोदे संस्थानातील शिक्षण, समाज आणि परिवर्तन, १८७५ ते १९४९’. सयाजीराव गादीवर बसले त्या वर्षापासून संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं त्या वर्षापर्यंत जे जे घडलं ते सगळं, मी एकटी, दोन वर्षांत. अर्ज गेला आणि नाव यादीत आलं नाही. कारण कळवत नाहीत. आठवडाभर मी निवड समितीच्या नावानं खडे फोडले. मग गाइड मॅडमनी तो प्रस्ताव वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘अगं, विषय कुठाय यात? ही तर पुस्तकाची अनुक्रमणिका झाली.’’

आमचं घर बडोद्यातल्या दांडिया बाजारात. घरात मराठी, गल्लीत गुजराती, महाराजा सयाजीराव विद्यापीठात सगळा कारभार इंग्रजीत. इंग्रजी कच्चं म्हणून मी एम.ए.ची दोन वर्षं मागच्या बाकावर काढली. उरलेल्या दोन भाषा हेच आपलं भांडवल आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आता दर वर्षी ओळखीतली दोन-चार मुलं ‘ताई, फेलोशिपचं काय करायचं?’ म्हणून येतात, त्यांना हेच आधी विचारते : तुला काय वाचता येतं, जे दुसऱ्याला येत नाही?

विषय मला सापडला तो असा. सक्तीचं प्राथमिक शिक्षण बडोद्यात १८९३ साली अमरेली भागात सुरू झालं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू झालं, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. पण सक्ती म्हटली की दंड आला. मूल शाळेत पाठवलं नाही तर बापाला दंड. हा दंड भरत कोण होतं, हे मात्र कुणालाच सांगता येईना. मॅडमचं पत्र घेऊन कोठीतल्या रेकॉर्ड ऑफिसात गेले. दप्तर रुमालात बांधलेलं असतं. गाठ सोडली की आधी धूळ, मग वाळवीचा वास, मग कागद. चौथ्या दिवशी एका जाडसर, कडा झडलेल्या कागदावर गुजरातीतली यादी मिळाली : गाव, बापाचं नाव, धंदा, आण्यांत रक्कम. त्यात एकच नाव तीन महिने लागोपाठ. म्हणजे हा माणूस दंड भरत होता आणि पोराला तरी शाळेत पाठवत नव्हता. का? दंडापेक्षा पोराची मजुरी जास्त होती म्हणून? मी तिथल्या बाकावर बसूनच वहीत लिहिलं : ‘एक तालुका, दहा वर्षं, दंड कोणाला?’ पुढच्या वर्षी याच प्रश्नावर भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएसएसआरची, डॉक्टरल फेलोशिप मिळाली. माणूस तोच आणि गाइडही त्याच. अर्जाची पानं तर उलट कमी झाली होती.

प्रस्ताव वाचणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात, असं माझं मत झालंय. प्रश्न एका वाक्यात सांगता येतो का? त्याचं उत्तर कुठल्या कागदात किंवा कुठल्या माणसांकडे आहे, हे अर्जदाराला माहीत आहे का? आणि ते कागद वाचायची, त्या माणसांशी बोलायची त्याची ऐपत आहे का? शेवटच्या प्रश्नावर आपली मुलं उगाच मागे राहतात. ‘स्रोत गुजरातीत आणि मराठीत आहेत, दोन्ही भाषा मला लिहिता-वाचता येतात’ हे वाक्य प्रस्तावात घालायला लाजतात. घाला. मोडी येत असेल तर तेही ठळक लिहा. गायकवाडी दप्तराचा जुना भाग मोडीत आहे आणि तो सरळ वाचू शकणारे संशोधक आता थोडे. सिद्धांताची चार मोठी नावं पहिल्याच परिच्छेदात ओतण्यापेक्षा हे वजनदार.

आता पैशांकडे वळू. कुठली फेलोशिप मागायची हे तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात त्यावर ठरतं.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असाल तर डोळ्यांसमोर एकच : युजीसी नेट, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची पात्रता परीक्षा. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरचं सत्र. दोन पेपर एकाच बैठकीत, तीन तास, दीडशे प्रश्न, तीनशे गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. त्यातून जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढं तिची एसआरएफ (सीनियर) झाल्यावर ४२,००० रुपये, घरभाडं भत्ता वेगळा. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. वयाची अट जेआरएफला ३०, मुलींना आणि राखीव गटांना पाच वर्षांची सवलत. २०२४ च्या जूनपासून निकालाचे तीन प्रकार झालेत : जेआरएफसह सगळं, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश, किंवा नुसता पीएच.डी. प्रवेश. खालच्या दोन प्रकारांत प्रवेशासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि प्रवेशासाठी तो निकाल एक वर्षच चालतो. त्या वर्षात जागा निघाली नाही तर परत परीक्षा. माझी जेआरएफ थोडक्या गुणांनी हुकली होती. त्याचं दुःख अजून आहे, पण ते इथं नको.

नेटच्या पेपर एककडे समाजशास्त्राची मुलं सावत्र मुलासारखं बघतात. ‘ते अॅप्टिट्यूड काय, आदल्या रात्री करू.’ जेआरएफ तिथंच जाते. तर्क, टक्केवारी, तक्त्यावरचे प्रश्न रोज अर्धा तास सोडवा. मी खंडेराव मार्केटच्या मागं सेवउसळ खाता खाता मैत्रिणीकडून हे शिकले. ती कॉमर्सची, तिला हसू यायचं.

पीएच.डी.ला नाव नोंदवून झालं असेल आणि जेआरएफ नसेल, तर गुजरातच्या विद्यापीठात असण्याचा एक मोठा फायदा आहे : राज्य सरकारची ‘शोध’ योजना. महिना १५,००० आणि वर्षाला २०,००० वरखर्चाला, दोन वर्षं. बेरीज चार लाख. पूर्णवेळ संशोधक हवा, दुसरीकडे नोकरी चालत नाही. आमच्याकडे कित्येक जण केवळ वेळेवर न कळल्यामुळे यातून राहतात, कारण सगळ्यांचं लक्ष दिल्लीकडे. शिवाय एक गैरसमज : ‘विद्यापीठ देतं ना ते नॉन-नेटचे, म्हणजे नेट नसलेल्यांचे, महिना आठ हजार’. ते केंद्रीय विद्यापीठांत. आपलं राज्याचं आहे.

आयसीएसएसआरची डॉक्टरल फेलोशिप नोंदणी झाल्यावरच मागता येते. माझ्या वेळी महिना २०,००० आणि वर्षाला २०,००० वरखर्च, दोन वर्षं. अर्ज ऑनलाइन भरायचा, शिवाय संस्थेमार्फत सही-शिक्क्याची प्रत. ही सही-शिक्क्याची प्रत म्हणजेच खरी परीक्षा. विभागप्रमुख परगावी, डीन मीटिंगमध्ये, शिक्का कपाटात आणि किल्ली रजेवर. शेवटच्या तारखेच्या तीन आठवडे आधी कागद टेबलावर गेला नाही तर गेला नाहीच असं समजा. इतिहासाकडचा विषय असेल तर आयसीएचआरकडेही, म्हणजे भारतीय इतिहास संशोधन परिषदेकडेही, बघा. आई-वडिलांची एकुलती एक मुलगी असाल तर युजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे, ती नेट नसली तरी मागता येते.

परदेशाचं थोडक्यात. फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल रिसर्च फेलोशिप भारतात पीएच.डी. करत असलेल्यांना अमेरिकेत जाण्यासाठी, सहा ते नऊ महिन्यांची. एका उन्हाळ्यात अर्ज केला तर जाणं पुढच्या वर्षी, म्हणून पहिल्याच वर्षी कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिकडच्या प्राध्यापकाला पाठवायची ईमेल चार ओळींची असावी. मी दीड पान लिहिलं होतं, उत्तर आलं नाही.

पुण्याची आत्या हा एक वेगळा विषय आहे. दर दिवाळीला तिचा फोन : ‘‘अगं, सारथीचा फॉर्म भर ना, आमच्या शेजारच्या मुलाला मिळाली.’’ बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घरात अशी एक आत्या किंवा मावशी असते. सारथी, बार्टी, महाज्योती या महाराष्ट्र शासनाच्या संस्था. त्यांच्या फेलोशिपला महाराष्ट्राचा अधिवास लागतो. आपण चार पिढ्या इथं, रेशनकार्ड इथलं, दाखला गुजरातचा. आडनाव बघून फेलोशिप देत नाहीत. आत्याला हे मी तीनदा समजावलं, आता नुसतं ‘हो’ म्हणते.

आडनावावरून आठवलं. गुजरातच्या गुणपत्रिकेत आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं. आधार कार्डावर क्रम उलटा. आमच्या आडनावातल्या ‘व’ला दहावीच्या कागदावर एक इंग्रजी अक्षर आणि पासबुकावर दुसरं. या एका अक्षरापायी एका कार्यालयानं माझा पहिला हप्ता अडवला आणि प्रतिज्ञापत्र, राजपत्रित अधिकाऱ्याची सही, परत प्रतिज्ञापत्र यात पावसाळा गेला. एम.ए.ला असतानाच दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. ओबीसी असाल तर नॉन क्रीमी लेयरचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला हवा. राज्याचा नमुना लावून अर्ज बाद झालेले मी पाहिलेत.

पैसे उशिरा येतात, हे घरी आधीच सांगून ठेवा. माझा पहिला हप्ता यायला दहा महिने लागले. बाबांना पगार आणि फेलोशिप यातला फरक कळत नव्हता.

‘‘महिन्याचे वीस, मग पीएफ कापतात का?’’

‘‘नाही बाबा, ही नोकरी नाही.’’

‘‘मग रजा असते का?’’

‘‘रजा आहे.’’

‘‘पैसे नाहीत पण रजा आहे,’’ बाबा आईकडे बघून म्हणाले, ‘‘चांगलंय.’’

ते दहा महिने मी संध्याकाळच्या शिकवण्यांवर काढले. तुमच्याकडे निदान सहा महिन्यांची तरतूद हवी, मग ती आईच्या बांगड्यांची असो की शिकवण्यांची. जेआरएफचे पैसे तर दर महिन्याला विद्यापीठानं पोर्टलवर हजेरी कळवल्याशिवाय सुटत नाहीत : एक ‘मेकर’ भरतो, दुसरा ‘चेकर’ तपासतो. या दोन खुर्च्यांवर कोण बसतं ते पहिल्या आठवड्यात माहीत करून घ्या आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला स्वतः जाऊन नमस्कार करा. वरखर्चाची मूळ बिलं एका पाकिटात, तारखेप्रमाणे. झेरॉक्सच्या दुकानातली चिठ्ठीसुद्धा. दोन वर्षांनी एसआरएफ व्हायचं तर तीन जणांची समिती कामाचा आढावा घेते, त्यातला एक बाहेरचा तज्ज्ञ. तोवर निदान एक प्रकरण लिहून हातात हवं.

आणि अटी वाचा. दोन फेलोशिप एकाच वेळी घेता येत नाहीत, मधेच सोडली तर काही ठिकाणी पैसे परत करावे लागतात. अटी काही आजच्या नाहीत. याच संस्थानानं १९१३ साली डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार लिहून घेऊन. ते १९१७ मध्ये नोकरीसाठी इथं आले तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. कामाठीबागेत ज्या झाडाखाली ते तेव्हा बसले होते असं सांगतात, त्याच्याजवळून जाताना मला दर वेळी त्या कराराची आठवण होते.

गाइडबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएटकडे सहा आणि असिस्टंटकडे चार इतकेच पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. म्हणून नावाजलेल्या गाइडच्या मागं दोन वर्षं घालवण्याआधी त्यांच्याकडे जागा आहे का ते विचारा. आपल्या विषयावर आधी कुणी काय केलंय ते शोधगंगेवर, म्हणजे पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, बघा. ते चालवणारी इन्फ्लिबनेट संस्था आपल्या गांधीनगरातच आहे. विषय ठरवण्याआधी सुरतच्या सेंटर फॉर सोशल स्टडीजच्या ग्रंथालयातही एकदा जाऊन या. १९६९ साली ते उभारणारे आय. पी. देसाई आधी बडोद्याच्या समाजशास्त्र विभागातच होते, आणि हा विभाग एम. एन. श्रीनिवासांनी सुरू केलेला. सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तिकडच्या कपाटात गुजरातच्या खेड्यांवरचे जुने सर्वेक्षण अहवाल आहेत. ते चाळताना आपला ‘नवा’ प्रश्न कुणीतरी आधीच विचारलेला निघतो आणि दोन वर्षं वाचतात.

गेल्या महिन्यात बडोद्यातल्याच वाडी भागातली एक मुलगी आली. विषय : ‘गुजरातमधील स्थलांतर आणि स्त्रिया’. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ती म्हणाली, ‘‘ताई, माझी आजी इथंच मांडवीत पापड लाटायची. तिच्याबरोबरच्या अकरा जणी अजून आहेत, सगळ्या रत्नागिरीकडच्या.’’ मी म्हटलं, हे पहिल्या ओळीत का नाही लिहिलंस? आता ती रविवारी त्यांच्याकडे जाते. शेवटच्या तारखेला सात आठवडे आहेत, आणि पासबुकावरचं तिचं नाव अजून चुकीचंच आहे.