खालचा सा बोलत नाही? मोठ्या पल्ल्याचा माउथऑर्गन घेताना आणि वाजवताना या चुका टाळा

गेल्या डिसेंबरात कोल्हापूरच्या राजारामपुरीतला एक कॉलेजचा पोरगा सकाळी सातला दारात उभा. हातात नवाकोरा सोळा भोकांचा क्रोमॅटिक, म्हणजे बटण असलेला, बाराही स्वर देणारा माउथऑर्गन. "काका, खालची चार भोकं बंदच हाईत बघा. परत पाठवायचा काय?" वाद्य हातात घेतलं तर कव्हर गारठलेलं. रंकाळ्यावरून गाडीवर आला होता, माउथऑर्गन सॅकमध्ये. मी तो शर्टाच्या आत पोटाशी धरला आणि चहा टाकला. चहा होऊन पिऊन होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेली. मग पहिल्या भोकात नुसता उसासा सोडावा तसा श्वास सोडला. खालचा सा भरदार, गोल आला. पोरगं बघतच राहिलं. मग त्यानं तोंडाला लावला, जोरात फुंकला, आणि स्वर पुन्हा गप्प.

वाद्य ठणठणीत होतं. ते गार होतं, आणि पोरगं त्यात शिट्टी मारल्यासारखं फुंकत होतं, एवढंच. माझ्याकडे अशी वाद्यं घेऊन येणारे बहुतेक जण याच दोन-चार चुकांत अडकलेले असतात. चांगलं वाद्य परत जातं किंवा कपाटात पडून राहतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

भोकं मोजून वाद्य घेऊ नका

आपल्याकडे दुकानात सहज मिळतो तो चोवीस भोकांचा ट्रेमोलो. शाळेत असताना मीही तोच घेतला. चोवीस म्हणजे सोळापेक्षा जास्त, हा साधा हिशेब. पण ट्रेमोलोत एका भोकात एकच स्वर असतो: एकात फुंकेचा, शेजारच्यात ओढीचा. प्रत्येक स्वराला दोन रीड (श्वासानं थरथरून स्वर काढणाऱ्या पितळी जिभा), एकमेकींपासून किंचित वेगळ्या लावलेल्या, म्हणून तो थरथरणारा गोड आवाज येतो. स्वर मात्र चोवीसच. त्यात कोमल गंधार नाही, तीव्र मध्यम नाही.

क्रोमॅटिकमध्ये एका भोकात चार रीड असतात. फुंक, ओढ, बटण दाबून फुंक, बटण दाबून ओढ. बारा चोक अठ्ठेचाळीस, सोळा चोक चौसष्ट. होनर कंपनीच्या सुपर ६४ च्या किंवा सुझुकीच्या एससीएक्स-६४ च्या नावातला आकडा हाच.

दहा भोकांच्या छोट्या ब्लूज हार्पलाही मोठं भावंड आहे. होनरचा मरीन बँड ३६५ एसबीएस चौदा भोकांचा असतो, खालच्या बाजूला आणखी एक सप्तक जोडलेलं. स्वर वाकवून वाजवण्याची ज्यांना सवय आहे त्यांना त्यात फार आनंद मिळतो. पण अभंग, नाट्यगीत, भावगीत वाजवायचं असेल तर सगळे बाराही स्वर सरळ हातात हवेत. त्यासाठी क्रोमॅटिकच घ्या.

आधी सा ठरवा, मग भोकं

ही चूक जास्त महाग पडते. पल्ला हवा म्हणून सोळा भोकांचं वाद्य मागवायचं, पण आपल्याला पल्ला नेमका किती लागतो ते बघायचंच नाही. आपलं बहुतेक गाणं मंद्र (खालच्या) पंचमापासून तार (वरच्या) पंचमापर्यंत फिरतं, म्हणजे दोन सप्तकं. बारा भोकांचा सी पट्टीचा क्रोमॅटिक मधल्या पांढरी १ (पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, म्हणजे सी) पासून सुरू होऊन तीन सप्तकं वर जातो. मग तो अपुरा का वाटतो? कारण जो तो पहिल्याच भोकावर सा धरतो. मंद्रात उतरायला खाली जागाच उरत नाही, आणि दोष वाद्यावर येतो.

सा पांढरी ४ वर धरून बघा. दुसऱ्या भोकात ओढ म्हणजे सा. तिसऱ्यात फुंक रे, तिसऱ्यातच ओढ ग. चौथ्यात फुंक प, पाचव्यात ओढ ध, आणि सहाव्यात ओढ तार सा. हा झाला भूप राग, बटणाला हातही न लावता. सापासून खाली यायचं तर दुसऱ्यात फुंक नी, पहिल्यात ओढ ध, पहिल्यात फुंक मंद्र प. शुद्ध मध्यम हवा असेल तेव्हा तिसऱ्या भोकाच्या ओढीवर बटण दाबा. एवढ्या सोयीसाठी सोळा भोकं लागत नाहीत.

मग सोळाचं कुणी घ्यावं? ज्याला पुरुषी आवाजाच्या उंचीवरच वाजवायचं आहे त्यानं. पुरुष गायक काळी १ मध्ये गातो तो सा, म्हणजे साधारण १३९ हर्ट्झ, बारा भोकांच्या सी वाद्यात नसतोच. त्याचा सर्वांत खालचा स्वर २६२ हर्ट्झचा. सोळाचा पहिला स्वर १३१ हर्ट्झ, बरोबर एक सप्तक खाली. फक्त खालचा भारदस्तपणा हवा असेल तर बारा भोकांचं 'टेनर सी' वाद्यही मिळतं. तेही त्याच १३१ हर्ट्झच्या स्वरापासून सुरू होतं, वरचं सप्तक तेवढं जातं. माझं मत विचाराल तर ते सप्तक इतकं कर्कश असतं की नव्या वादकाला त्याची उणीव जाणवत नाही. मोठं वाद्य जडही असतं, ओठ लांबवर न्यावे लागतात. पहिलं वाद्य म्हणून सोळाचं मी कुणालाच सुचवत नाही.

खालचा स्वर फुंकायचा नसतो

सगळ्यात जास्त लोक इथं हरतात, म्हणून थोडं थांबूया. खालच्या स्वरांच्या रीड लांब असतात आणि टोकाला जड. त्या हलायला वेळ घेतात. जोरात फुंकलं की रीड झुलायला लागण्याआधीच हवेच्या दाबानं फटीत दाबली जाते आणि स्वर घुसमटतो. स्वर येत नाही म्हणून माणूस आणखी जोर लावतो, आणि ती आणखी दबते.

तोंड आतून मोठं करा. जांभई येताना घसा उघडतो, जबडा खाली जातो, जीभ तळाशी पडते, तसं. 'तू' म्हणून सुरुवात करू नका. गार काचेवर वाफ सोडताना 'हा' करतो, तसा श्वास सोडा. ओढीच्या स्वरालाही तोच नियम: हवा खेचायची नाही, पोट सैल सोडून आत येऊ द्यायची. एकच खालचा स्वर आठ मात्रा धरा, आवाज कमी-जास्त होऊ न देता. रोज दहा मिनिटं एवढंच केलं तर आठ-पंधरा दिवसांत खालची चार भोकं उघडतात, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय.

कोल्हापूरकराला दमसास म्हणजे काय हे शिकवायला नको. अल्लादिया खाँसाहेबांनी शाहू महाराजांच्या दरबारी राहून इथं जी गायकी रुजवली, तिच्यात लांब, अखंड श्वासाला केवढा मान आहे हे गाणं ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. माउथऑर्गनला तोच श्वास लागतो, फक्त निम्मा आत ओढलेला.

आणखी एक तक्रार असते: वाजवता वाजवता छाती भरून येते. पांढरी ४ च्या भूपात सा, ग, ध सगळे ओढीचेच असल्यामुळं हवा साठत जाते. उपाय वाद्यातच आहे. सा ओढून मिळतो तसा दुसऱ्याच भोकात बटण दाबून फुंकूनही मिळतो. ओढीच्या दोन-तीन स्वरांनंतर सा फुंकीत घ्या, छाती तिथंच रिकामी होते.

बाराची सवय असलेला सोळावर गेला की एक-दोन भोकं चुकतोच. सोळाच्या वाद्यावर पहिल्या चार भोकांच्या आकड्यांना टिंब असतं आणि मग पुन्हा १ ते १२. आकडे बघत वाजवता येत नाही, म्हणून खूण कानाची ठेवा. प्रत्येक चार भोकांनंतर पांढरी १ चा स्वर शेजारशेजारच्या दोन भोकांत सारखाच येतो. दोन्हीत एकदम फुंका. एकच जाड स्वर ऐकू आला की तुम्ही सप्तकाच्या शिवेवर आहात.

गारठा, ओल आणि रस्सा

क्रोमॅटिकमध्ये बहुतेक रीडच्या फटींवर प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांना वॉल्व्ह म्हणतात. एका रीडमधून हवा जाताना दुसरीच्या फटीतून ती गळू नये, हे त्यांचं काम. गार धातूवर तोंडातली गरम वाफ पडली की दव धरतं, पट्टी चिकटते. मग स्वर येतच नाही, किंवा उशिरा टक्कन उघडतो, नाहीतर फडफडतो. पावसाळी हवेला लोक दोष देतात, पण माझ्या अनुभवात जास्त त्रास होतो तो थंडीतल्या सकाळी. पन्हाळ्यावर वाजवायला जाणार असाल तर वाद्य आतल्या खिशात ठेवा. गॅसवर, इस्त्रीवर, उन्हात ठेवून तापवू नका. अंगाची ऊब पुरते.

वाजवून झालं की भोकं खाली करून तळव्यावर हलक्या हातानं आपटा आणि ओल सुकेपर्यंत डबी उघडी ठेवा.

आणि जेवून लगेच वाजवू नका. तांबड्या रश्श्याची तर्री, मिसळ, उसाचा रस, गुळाचा चहा, यातलं काहीही तोंडात असताना वाजवलं की तेल आणि साखर आधी बटणाच्या पट्टीवर बसते, मग वॉल्व्हवर. चूळ भरून, पाणी पिऊन, पाच मिनिटांनी घ्या.

बटण अडकलं तर

बटण जड झालं की तेल सोडायचा मोह होतो. सोडू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो. आख्खं वाद्य नळाखाली धरणं तर त्याहून वाईट. माउथपीसचे (ओठ लावायच्या भागाचे) दोन स्क्रू नेमक्या मापाच्या पेचकसानं काढा, बटणाला जोडलेली सरकती पट्टी कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवा, कोरडी करा. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या, कारण पट्टी उलटी बसू शकते. बसवल्यावर बटण न दाबताच सगळं वाद्य अर्ध्या स्वरानं चढलं असेल आणि दाबल्यावर उतरत असेल, तर नेमकं हेच झालंय. पट्टी काढून पालथी करा. बटण अजूनही जड असेल तर स्क्रू जास्त आवळलेत, पाव फेरा सैल करा.

तानपुऱ्याशी जुळत नाही

बऱ्याच कंपन्या माउथऑर्गनचा पांढरी ६ चा स्वर नेहमीच्या ४४० ऐवजी ४४२-४४३ हर्ट्झला लावतात. तानपुऱ्याच्या अ‍ॅपमध्ये पट्टी थोडी चढवून घ्या. शिवाय जोरात फुंकलं की रीडचा स्वर उतरतो, खालच्या रीडचा तर चांगलाच. मंद्रात बेसूर वाटलं तर आधी श्वास कमी करून बघा.

बिघाड नेमका कुठं?

एका भोकातले चारही स्वर तपासा. चारही कमजोर असतील तर हवा गळतेय किंवा भोकात कचरा आहे. एकच गप्प असेल तर ती रीड किंवा तिचा वॉल्व्ह. बटण दाबल्यावरच सगळी भोकं बिघडत असतील तर पट्टी पूर्ण आत जात नाही. दुकानात नवं वाद्य घेतानाही असंच चौसष्टच्या चौसष्ट स्वर हळू श्वासात लावून बघा, मालक घाई करत असला तरी.

एक लक्षण मात्र घरी बरं होत नाही. मधल्या सप्तकातला एकच स्वर दिवसेंदिवस उतरत चालला असेल, ऊब देऊनही आणि हळू वाजवूनही, तर ती रीड थकली आहे. पितळ सतत वाकून मुळाशी तडकत जातं आणि एक दिवस स्वर अचानक बंद होतो. तिला खरवडून चढवत बसू नका. रीड किंवा रीडप्लेट (रीड बसवलेली धातूची पाटी) बदलून घ्या, आणि नवी बसल्यावर तोच स्वर पूर्वीपेक्षा निम्म्या श्वासात वाजवा.