फेडिव्हर्सवर आपली माणसं कशी शोधायची?

नागपूरच्या अंबाझरी तलावावर सकाळी पक्षी बघायला रोज येणारे आठवडाभरात एकमेकांना ओळखू लागतात, कारण जागा एकच असते. मॅस्टोडॉनसारख्या विकेंद्रित, म्हणजे कोणा एका कंपनीच्या हाती नसलेल्या सोशल नेटवर्कवर तशी एक जागा नाही. तिथे हजारो स्वतंत्र सर्व्हर आहेत आणि ते ‘ॲक्टिव्हिटीपब’ या प्रोटोकॉलने, म्हणजे एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या नियमांनी जोडलेले आहेत. या जाळ्यालाच फेडिव्हर्स म्हणतात.

नवे लोक इथेच अडतात. ‘पक्षी’ असं शोधतात, हाती काही लागत नाही, मग ‘इथे कोणीच नाही’ म्हणून निघून जातात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण माणसं असतात, फक्त आपल्या सर्व्हरपर्यंत पोचलेली नसतात. आपल्या सर्व्हरवरचं कोणी ज्यांना फॉलो करतं, मुख्यतः त्यांच्याच पोस्ट त्या सर्व्हरकडे येतात. शिवाय मॅस्टोडॉनवर पोस्टमधले साधे शब्द शोधात यायचे, तर लिहिणाऱ्याने तशी परवानगी द्यावी लागते. हॅशटॅगला ती लागत नाही.

म्हणून सुरुवात हॅशटॅगपासून करा. नागपूर, विदर्भ, पक्षीनिरीक्षण हे शब्द देवनागरीत शोधा आणि रोमन लिपीतही. सर्व्हरच्या लेखी ते वेगवेगळे टॅग आहेत. उपयोगी वाटला तो टॅगच फॉलो करा. २०२२ च्या मॅस्टोडॉन ४.० पासून ही सोय आहे.

मग एक चांगला माणूस गाठा. त्याचा पूर्ण पत्ता, म्हणजे नाव आणि सर्व्हर दोन्ही, शोधपेटीत टाका. तुमचा सर्व्हर त्याची प्रोफाइल मागवून घेतो आणि तुम्ही फॉलो केलं की नव्या पोस्ट येऊ लागतात. जुन्या पोस्ट बहुतेक दिसणार नाहीत. त्यासाठी त्याच्या मूळ सर्व्हरवरचं पान उघडा. तो कोणाला फॉलो करतो, कोणाच्या पोस्ट बूस्ट करतो (म्हणजे पुढे शेअर करतो), हेही तिथेच नीट कळतं. माझ्या मते याहून भरवशाचा रस्ता नाही.

तयार गट हवा असेल तर लेमी हे फेडिव्हर्सवरचं चर्चागटांचं व्यासपीठ बघा. तिथल्या कम्युनिटीचा, म्हणजे गटाचा पत्ता उद्गारचिन्हाने सुरू होतो. मॅस्टोडॉनवरून शोधताना त्या जागी ॲट चिन्ह टाका. कम्युनिटी खात्यासारखी फॉलो करता येते.

ब्लूस्काय या दुसऱ्या सोशल नेटवर्कचा प्रोटोकॉल वेगळा आहे. तिथे लोकांनी बनवलेल्या फीड (एखाद्या विषयाच्या पोस्टची यादी) आणि ‘स्टार्टर पॅक’ (फॉलो करण्याजोग्या लोकांची तयार यादी) शोधा.

आता तुम्हीही सापडले पाहिजे. ओळखीची एक सार्वजनिक पोस्ट लिहा: नागपुरात कुठे फिरता, काय बघता. तीन-चार टॅग द्या आणि पोस्टची भाषा मराठी निवडा. पक्ष्यांच्या घरट्याची नेमकी जागा मात्र कधीही टाकू नका. गोरेवाड्याला काय दिसलं एवढं सांगितलं तरी बोलणं सुरू होतं.

पहिल्या आठवड्यात उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांच्या पोस्टवर आधी तुम्ही उत्तर द्या.