मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कमधून फाइली कशा वाचवाव्यात

'ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल' असे विंडोज म्हणाले, की रद्द करा. 'डिस्क तपासून दुरुस्त करू का?' असे विचारले, तरी नाहीच म्हणा. चेकडिस्क (विंडोजचे हेच तपासून दुरुस्त करणारे साधन) चालवा हा सल्ला इतके जण देतात की तो बरोबरच असणार असे वाटू लागते. पण चेकडिस्क फाइल सिस्टिमचा, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे या नोंदींचा, हिशेब जुळवते, तुमच्या फाइलींची काळजी करत नाही. न जुळणाऱ्या नोंदी ती काढून टाकते, सुटे तुकडे वेगळ्या फोल्डरात नेऊन ठेवते, आणि हे सगळे त्याच आजारी डिस्कवर लिहून करते. खराब होत चाललेल्या डिस्कवर एकच काम करायचे असते: तिची अथपासून इतिपर्यंत प्रत काढणे. शोधाशोध, दुरुस्ती, प्रयोग जे काही करायचे ते त्या प्रतीवर करा.

आधी बिघाड ओळखा

डिस्क चालू होताच ठरावीक लयीत टक-टक आवाज येत असेल किंवा काही घासल्यासारखे वाटत असेल, तर वीज ताबडतोब बंद करा. बहुधा वाचणारे हेड निकामी झाले आहे. 'एकदाच चालू करून बघू' हा मोह फार महागात पडतो, कारण हेड तबकडीला घासले की तिथला चुंबकीय थरच खरवडून निघतो आणि मग तो डेटा कुणालाच परत आणता येत नाही. अशी डिस्क धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेतच द्या. तिचे झाकण घरी उघडू नका. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगत असते, त्यापुढे धुळीचा साधा कण म्हणजे डोंगर. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून कुणी देत असेल तर त्याचे ऐकू नका, आत बाष्प धरते.

आवाज नाही आणि डिस्क दिसतही नाही? केबल बदला, पोर्ट बदला. बाहेरून जोडायची डिस्क असेल तर डबीतून काढून थेट साटा केबलने मदरबोर्डला जोडून पाहा. पुष्कळदा डबीतला छोटा बोर्डच गेलेला असतो. मात्र काही मॉडेलांत तोच बोर्ड डेटा कूटबद्ध करतो. मग डिस्क सुटी जोडल्यावर नुसता कचरा दिसतो, आणि तोच बोर्ड चालता करावा लागतो. डिस्कच्या पाठीवरचा बोर्ड दुसऱ्या डिस्कचा आणून बसवा म्हणणाऱ्यांना हे सांगा की त्या बोर्डावरच्या रॉममध्ये त्याच डिस्कची जुळवणी साठवलेली असते. ती चिप हलवल्याशिवाय आजच्या बहुतेक डिस्क चालत नाहीत.

डिस्क दिसते पण रडतरखडत चालते, फोल्डर उघडायला मिनिटे लागतात, ही सर्वांत आशादायक अवस्था. स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती आकडेवारी, पाहा. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांपुढचे आकडे वाढत असतील तर सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे, मरत आहेत. १९९ वाढत असेल तर संशय केबलवर घ्या. वर ठळक 'पास' लिहिलेले असते त्यावर विसंबू नका.

प्रत काढणे

याच टप्प्यावर मी सर्वांत जास्त झगडलो आहे, आणि बहुतेक लेखांत त्याला एक ओळ मिळते.

फाइल एक्सप्लोररमधून फोल्डर ओढून कॉपी करू नका. खराब सेक्टर लागला की डिस्क स्वतःच तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, वर विंडोज तिला आणखी विचारत राहते. तासभर एका फुटक्या व्हिडिओवर जातो आणि तेवढ्यात शाबूत असलेले फोटोही हातचे जातात. यासाठी ग्नू डीडीरेस्क्यू हे लिनक्सवर आज्ञा टाइप करून चालवायचे साधन वापरा. ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलते, अडला की पुढे उडी मारते, आणि अवघड जागांकडे शेवटी वळते. मी सिस्टमरेस्क्यू ही दुरुस्तीसाठीची लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून संगणक सुरू करतो. त्यात हे साधन असतेच.

प्रत ठेवायची डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी हवी आणि तिच्यावर फॅट३२ नको, कारण तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. आज्ञेत तीन नावे या क्रमाने येतात: आजारी डिस्क, प्रतीची फाइल, नकाशा फाइल. प्रत फाइलीतच काढा, थेट दुसऱ्या डिस्कवर नको. थेट डिस्कवर लिहायचे असेल तर डीडीरेस्क्यू 'फोर्स' पर्याय मागते, आणि तो पर्याय टाइप केला की नावांची अदलाबदल झाली तरी तुम्हाला कुणी अडवत नाही. रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली गेली, तर उरले काय? डिस्कचा अनुक्रमांक पडद्यावर वाचा आणि तिच्यावरच्या चिकटपट्टीशी जुळवा.

नकाशा फाइल कधीही गाळू नका. कोणता भाग वाचला, कोणता राहिला हे तिच्यातच असते. ती असेल तर काम कधीही थांबवून पुढे चालू करता येते. नसेल तर सगळे पहिल्यापासून. ती पेन ड्राइव्हवर किंवा प्रतीशेजारी ठेवा, संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीत नको. वीज गेली की तीही गेली.

पहिली फेरी 'एन' पर्याय लावून, म्हणजे खराब भाग खरवडत बसायचे नाही. ती पूर्ण झाली की त्याच नकाशासह दुसरी फेरी, 'एन' काढून, 'डी' (मधली साठवण टाळून थेट डिस्कवरून वाचणे) आणि 'आर ३' (खराब भाग आणखी तीनदा वाचून पाहणे) लावून. उरलेला वेळ दाखवणारा आकडा मागेपुढे उड्या मारतो, त्याकडे बघू नका. शेवटचे यशस्वी वाचन कधी झाले तो आकडा बघा.

आता खरा सापळा. मध्येच डिस्क गप्प होते, संगणकाला दिसेनाशी होते. डीडीरेस्क्यूला हे दरवेळी कळतेच असे नाही. प्रत्येक वाचन क्षणात अपयशी ठरते आणि उरलेली सगळी डिस्क नकाशात खराब म्हणून नोंदली जाते. चुकांचा आकडा एकाएकी धावू लागला तर लगेच कंट्रोल-सी दाबा. नव्या आवृत्त्यांत मोठा 'जे' पर्याय आहे. चूक आली की तो शेवटचा चांगला सेक्टर पुन्हा वाचतो आणि तोही वाचता आला नाही तर थांबतो. तो मी नेहमी लावतो. नंतर वीज काढा, डिस्क थंड होऊ द्या, पुन्हा जोडा. आणि नाव पुन्हा तपासा! लिनक्सने मघाशी 'एसडीबी' नाव दिलेली डिस्क आता 'एसडीसी' झालेली असू शकते. नकाशात खोटे खराब भाग शिरले असतील तर मोठा 'ए' आणि मोठा 'एम' हे दोन्ही पर्याय एकत्र लावा, ते पुन्हा न वाचलेले मानले जातात.

रात्रभर चालू द्या. दोन दिवस लागले तरी चालू द्या. डिस्कवर छोटा पंखा सोडा.

प्रतीतून फाइली काढणे

प्रत फक्त-वाचन पद्धतीने माउंट करा, म्हणजे ती डिस्कसारखी जोडली जाईल पण तिच्यावर काही लिहिले जाणार नाही. बहुतेक वेळा फोल्डर जसेच्या तसे दिसतात, कॉपी केले की झाले. पार्टिशन (डिस्कचा विभाग) दिसत नसेल तर ते शोधून देणारे टेस्टडिस्क. तेही जमले नाही तर फोटोरेक, जे फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून त्या उचलते. नावे आणि फोल्डर मात्र मिळत नाहीत, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करू नका. बिटलॉकर (विंडोजची डिस्क कूटबद्ध करण्याची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी किल्ली किंवा लावलेला पासवर्ड लागेल, त्याशिवाय प्रत कितीही पूर्ण असली तरी उघडणार नाही. किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

फाइली उघडून पाहा. फोल्डरात नाव दिसते म्हणजे आतला मजकूर शाबूत आहे असे नाही. मोठे व्हिडिओ मधूनमधून चालवा, झिप फाइली तपासून घ्या. हे होईपर्यंत जुनी डिस्क आणि नकाशा फाइल दोन्ही ठेवा, कारण एखादा महत्त्वाचा भाग सुटला असेल तर त्याच नकाशावरून डीडीरेस्क्यूला उलट दिशेने, शेवटाकडून सुरुवातीकडे आणखी एक फेरी मारायला सांगता येते. पुढून न वाचलेले काही सेक्टर मागून वाचले जातात.