वीतभर गोधडीचे काठ कसे आखायचे आणि दोरे कसे घालायचे

बाळकृष्णाच्या पाळण्यात, भातुकलीच्या पलंगावर किंवा नुसतीच चौकटीत बसवून भिंतीवर लावायला वीतभर गोधडी करायची ठरवली, की पहिला विचार येतो तो मोठ्या गोधडीचं माप निम्मं-पाव करण्याचा. कागदावर ते जमतं, कापडावर जमत नाही. गोधडी लहान झाली तरी दोऱ्याची जाडी तीच राहते, टाका फारसा लहान होत नाही आणि शिवणीत दुमडलेलं कापडही कमी होत नाही. चार इंचांच्या काठावर शोभणारी वेल एका इंचात कोंबली की तिचा गुंता होतो. म्हणून काठ आणि दोऱ्यांची नक्षी लहान मापासाठी नव्याने आखावी लागते. हे काम चित्रकलेपेक्षा हिशेबाचं जास्त आहे.

सामान

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून आलेखाचा कागद आणि ट्रेसिंग पेपर आणा. शाळेचा आलेख कागद सेंटिमीटरचा असतो. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक इंच असं प्रमाण धरा, म्हणजे पाव इंच बरोबर पाच मिलिमीटरवर येतो.

कापडासाठी लक्ष्मी रस्त्यावरची मॅचिंग सेंटर्स उत्तम. टू बाय टू रुबिया किंवा कॅम्ब्रिक घ्या. सूत बारीक, वीण दाट आणि रंग मागाल तो. पाव मीटर मागितलं की दुकानदार जरा नाक मुरडतो, पण देतो. छापील कापड घेतलंत तर ठिपका मोहरीएवढाच हवा, कारण अर्ध्या इंचाच्या तुकड्यात मोठ्या फुलाची एखादी पाकळीच येते आणि ती डाग पडल्यासारखी दिसते. खणाचे तुकडे मोहात पाडतात, पण कापल्यावर त्यांचं सूत सुटतं. खण मधल्या चौकोनांत वापरा, काठाच्या त्रिकोणांत नको.

सगळं कापड आधी धुवा. गडद लाल आणि निळ्या तुकड्यांवर ओलं पांढरं फडकं दाबून रंग जातो का ते बघा. मग साडीला करतो तशी कांजी करा. कडक कापड कापताना सरकत नाही आणि लहान मापात हा फायदा फार मोठा आहे.

काठाचा हिशेब

उदाहरण म्हणून मधला भाग सहा इंच चौरस धरू: एकेका इंचाचे ३६ चौकोन. त्याभोवती तीन काठ. आधी पाव इंचाची साधी पट्टी, मग अर्ध्या इंचाचा करवती काठ आणि बाहेर एक इंचाचा सपाट काठ.

करवतकाठी साडी आठवा, विदर्भातल्या टसरवर असते ती. गडद-फिक्या त्रिकोणांची ती ओळ लहान गोधडीला छान दिसते, कारण तिच्यात फक्त सरळ रेघा आहेत. रुईफुलाचा काठही असाच भौमितिक. पैठणीचा मोर मात्र इथे आणू नका. अर्ध्या इंचात त्याची चोचसुद्धा मावत नाही.

आता मोजू. सहा इंचांना दोन्हीकडून पाव-पाव इंच पट्टी लागली की बाजू साडेसहा इंच होते. तिच्यात अर्ध्या इंचाचे १३ चौकोन बसतात. प्रत्येक चौकोन म्हणजे एक गडद आणि एक फिका त्रिकोण. दात दोन्ही टोकांकडून मध्याकडे कललेले हवे असतील तर संख्या सम लागते, आणि १३ विषम. इथे दोन वाटा आहेत. पट्टी अर्ध्या इंचाची केली तर बाजू सात इंच होऊन १४ चौकोन बसतात. पण मग पट्टी आणि करवत सारख्याच रुंदीचे होतात आणि काठ मठ्ठ दिसतो. मला दुसरी वाट पसंत आहे: पट्टी पाव इंचच ठेवायची आणि मधोमध एक साधा चौकोन घालायचा. सहा, एक, सहा. चार कोपऱ्यांतही साधे चौकोन, म्हणजे सगळे मिळून ४८ त्रिकोणी आणि ८ साधे. यानंतर बाजू साडेसात इंच होते आणि बाहेरच्या काठासकट पूर्ण गोधडी साडेनऊ इंच.

त्या मधल्या पट्टीचं खरं काम हेच असतं, आतलं माप बाहेरच्या नक्षीच्या पटीत आणून देणं. तुमचा मधला भाग वेगळ्या मापाचा असेल तर आधी काठाच्या तुकड्याचं माप ठरवा आणि पट्टीची रुंदी त्यावरून काढा.

काठ जोडताना

अर्ध्या इंचाचे त्रिकोण सुटे कापून जोडायच्या फंदात पडू नका. त्यांची तिरकी बाजू उरेपात, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, येते आणि हात लागला तरी ताणली जाते. त्यापेक्षा १३ चौकोनांची पूर्ण ओळ ट्रेसिंग पेपरवर प्रत्यक्ष मापात आखा, कापडाचे जरा मोठे तुकडे कागदाच्या मागे धरा आणि रेघेवरून शिवत जा. मशीनचा टाका दीड मिलिमीटरवर ठेवलात तर कागद नंतर टाक्यांवरून सहज फाटून निघतो. कागदावर शिवताना नक्षी उलटी येते. आपली ओळ दोन्हीकडून सारखी असल्यामुळे ती काळजी इथे नाही.

शिवण पाव इंच घ्या, पण शिवून झाल्यावर ती सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग ठेवून कापा. पाव इंचाच्या पट्टीखाली दोन्हीकडची पाव-पाव इंच शिवण एकमेकींवर चढली तर तिथे वळकटी होते. काठाची पट्टी कापताना माप गोधडीच्या मधून घ्या, कडेवरून नाही. कड ताणलेली असते आणि तेच माप घेतलं तर काठाला लाटा येतात. पट्ट्या कापडाच्या उभ्या धाग्यात कापा, त्या कमी ताणल्या जातात. बाहेरचा काठ दीड इंच रुंद कापायचा: पाव इंच आतल्या शिवणीत आणि पाव इंच गोटाखाली, म्हणजे कडेला दुमडून लावायच्या पट्टीखाली जातो.

दोऱ्यांची नक्षी

बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यासमोरच्या फुटपाथवर उभं राहून त्याची लाकडी दर्शनी बाजू बघा. १८०७ च्या त्या वाड्याच्या सुरूदार खांबांवरचं कोरीवकाम जवळून बारीक आहे, पण रस्त्यापलीकडून दिसतात फक्त वळणं आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा. लहान गोधडीत दोऱ्याने तेवढंच काढता येतं. पानांच्या शिरा, फुलातलं फूल असलं काही नको.

मधल्या भागात सर्वांत सोपं म्हणजे चौकोनांच्या कोपऱ्यांतून दोन्ही दिशांनी तिरके धावदोरे. रेघांमधलं अंतर पाऊण इंचाच्या जरा आत येतं आणि खुणा कराव्याच लागत नाहीत. पट्टीला शिवणीलगत एक दोरा पुरतो. करवती काठात टाके घालू नका. त्रिकोण आपलं काम करताहेत, त्यांना करू द्या.

बाहेरचा काठ मात्र रिकामा ठेवू नका. जिथे दाट टाके पडतात तिथे कापड आक्रसतं. मध्य आक्रसला आणि काठ मोकळा राहिला की काठ फुगून लाटांसारखा होतो. इथे साधी वेल घ्या. कोपऱ्यांचे एकेक इंच सोडले तर प्रत्येक बाजूला साडेसात इंच उरतात, त्यात दीड इंचाची पाच वळणं बसतात. वळणांची संख्या विषम ठेवा, मग पहिलं आणि शेवटचं वळण एकाच दिशेला येतं आणि चारही कोपरे सारखे होतात. वेलीची उंची अर्धा इंच, वर-खाली पाव इंच मोकळं. अर्धी बाजूच काढा आणि ट्रेसिंग पेपर उलटून उरलेली अर्धी उतरवा.

कोपऱ्याची युक्ती आरशाची. काढलेल्या वेलीवर छोटा आरसा ४५ अंशांत उभा करा आणि हळूहळू सरकवा. आरशात वेल वळताना दिसते. जिथे वळण डोळ्याला बरं वाटेल तिथे पेन्सिलीने खूण करून तोच कोपरा पक्का करा.

फिक्या कापडावर पुसट पेन्सिल, गडदवर शिंपी वापरतात ती झिजलेल्या साबणाची चकती. पाण्याने जाणारं पेन वापरलंत तर धुण्याआधी त्यावर इस्त्री फिरवू नका, खूण कायमची बसते.

आत फ्लॅनेल किंवा जुन्या धोतराचा एक पदर पुरे. पॉलिएस्टरची लादी घातली तर गोधडी उशीसारखी फुगते. दहा नंबरची सुई आणि सहापदरी भरतकामाच्या दोऱ्याचा एकच पदर घ्या. कच्चे टाके घालून तिन्ही थर धरले की मधून सुरुवात करून बाहेर या, म्हणजे सुरकुत्या कडेकडे ढकलल्या जातात. कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका त्यांची गोधडी, म्हणजे कवंदी, नेमकी उलट, कडेकडून आत शिवत नेतात. पण त्या तुकडे ठेवता ठेवताच टाके घालतात, आपल्यासारखा वरचा थर आधी जोडून घेत नाहीत.

शेवटी इंचभर रुंदीचा गोट. कड सरळ असल्यामुळे उरेप पट्टीची गरज नाही. पाव इंचावर शिवा, मागे दुमडा आणि हाताने बारीक टाके घाला. मग गार पाण्यात बुडवून खुणा आणि कांजी काढा, न पिळता टॉवेलमध्ये दाबा, जाड चादरीवर कोपरे काटकोनात टाचून सावलीत वाळवा. इस्त्री करायचीच असेल तर उलट्या बाजूने, तीही दाबून, घासून नाही.