फ्लॅट बघायला जाण्याआधी जमीन कुणाची ते विचारा

मी नवी मुंबईत वकिली करते. माझं बरंचसं काम म्हणजे जुन्या फ्लॅटांचे कागद वाचणं. घर पसंत करून लोक माझ्याकडे येतात तेव्हा टोकन बहुधा देऊन झालेलं असतं. मेन्टेनन्स किती, पाणी किती वेळ येतं, शेजारी कोण, हे सगळं त्यांनी विचारलेलं असतं. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती कुणाच्या मालकीची, हे मात्र विचारलेलं नसतं. माझी कळकळीची विनंती आहे की सुरुवात त्या प्रश्नापासून करा, कारण पुढचे सगळे कायदेशीर प्रश्न त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

नवी मुंबई वसवणारी राज्य सरकारची कंपनी, सिडको, 1970 साली स्थापन झाली. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर अशा नोडांमधले, म्हणजे तिने वसवलेल्या उपनगरांमधले, भूखंड तिने विकले नाहीत, भाडेपट्ट्याने दिले, सामान्यतः साठ वर्षांच्या. म्हणजे विक्रेता तुम्हाला देतो तो फ्लॅट आणि त्याखालच्या पट्ट्यातली उरलेली वर्षं. जमिनीचा मालक सिडकोच राहतो आणि त्याच्या संमतीशिवाय व्यवहार पुरा होत नाही. मुंबईत महापालिकेच्या, म्हाडाच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या जमिनींवरही हजारो सोसायट्या उभ्या आहेत. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढून बघा. ‘भोगवटादार वर्ग २’ असं लिहिलेलं असेल तर हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अशा जमिनी वर्ग १ मध्ये, म्हणजे पूर्ण मालकीच्या (फ्रीहोल्ड) प्रकारात, बदलून घेण्यासाठी 2019 चे नियम आहेत, पण सोसायटीने तसं केलंय का, याचं उत्तर फक्त आदेशाची प्रत आणि पैसे भरल्याचं चलन देऊ शकतं. ‘सगळं फ्रीहोल्ड होणारच आहे’ या आश्वासनावर एक रुपयाही जास्त देऊ नका.

पट्टा हातात आला की आधी तारीख बघा. मुदत त्या करारात लिहिलेल्या तारखेपासून मोजायची, तुमच्या खरेदीपासून नाही. 1984 साली सुरू झालेला साठ वर्षांचा पट्टा 2044 साली संपतो. त्या फ्लॅटसाठी आज वीस वर्षांचं कर्ज मागितलंत तर बँक हाच हिशोब करते आणि कर्जाची मुदत कमी करते किंवा नूतनीकरणाचा कागद मागते. मग त्यातली कलमं वाचा: नूतनीकरणाची तरतूद आहे का, वापर फक्त निवासी आहे का, पुनर्विकासाला कुणाची परवानगी लागेल, अट मोडली तर जमीनमालक काय करू शकतो. जुन्या इमारतीत घर घेणारा माणूस मनात पुनर्विकासाचं गणित मांडूनच येतो. भाडेपट्ट्याच्या जमिनीवर त्या गणितात जमीनमालकाचं शुल्कही धरावं लागतं, आणि तो खर्च शेवटी सभासदांच्याच वाट्यातून जातो.

नवी मुंबईत आणखी दोन प्रकार भेटतील. साडेबारा टक्के योजनेतून, म्हणजे संपादित जमिनीच्या मोबदल्यात, प्रकल्पग्रस्तांना मिळालेल्या भूखंडांवरच्या इमारतींत मूळ वाटप कुणाच्या नावे झालं, त्यांचे वारस किती, सगळ्यांच्या सह्या आहेत का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरा प्रकार गावठाणाजवळच्या, परवानगी नसलेल्या इमारतींचा. तिथे घर नोटरीच्या कागदावर विकलं जातं. नोटरीची मोहोर सही कुणी केली एवढंच सांगते, मालकी देत नाही. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. कुलमुखत्यारपत्रावरच्या ‘विक्री’बद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये, सूरज लॅम्प प्रकरणात, स्पष्ट सांगितलं आहे की त्याने मालकी जात नाही. ही घरं स्वस्त असतात आणि माणसं अडचणीत असतात, हे मला कळतं. तरी नाही म्हणा.

आता विक्रेत्याकडे वळा. बिल्डरने पहिल्या मालकाशी केलेल्या करारापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत प्रत्येक दस्त सलग मिळाला पाहिजे. प्रत्येकावर त्या काळच्या दराने मुद्रांक शुल्क भरलेलं हवं, नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू, म्हणजे दस्ताच्या नोंदीचा उतारा, हवा. मधला एखादा दस्त नोंदवलेला नसेल तर तो तुमच्या टोकनच्या आधी दुरुस्त व्हायला हवा, आणि खर्च कुणाचा ते लिहून घ्यायला हवं. दुय्यम निबंधकांच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या. बऱ्याच नोंदी ऑनलाइन दिसतात, पण जुन्या वर्षांसाठी वही उघडावीच लागते.

सगळ्यात जास्त घरं मी अडकलेली पाहिली आहेत ती नॉमिनीच्या गैरसमजात. वडील गेले, सोसायटीत थोरल्या मुलाचं नॉमिनेशन होतं, शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर झालं, आता तो विकतोय. तो मालक आहे का? एकटा नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर सहकार कायदाच सांगतो की वारसाहक्क ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. आई, भाऊ, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, सगळ्यांचा वाटा असू शकतो. एका व्यवहारात कोल्हापूरच्या बहिणीने ‘मला काही नको, दादाला द्या’ असं फोनवर सांगितलं होतं. तिचा शब्द खरा होता, पण फोनवरच्या शब्दाने हक्क सुटत नाही. ती दुय्यम निबंधकांपुढे आली, हक्कसोड पत्र नोंदवलं गेलं, मगच मी खरेदीदाराला चेक लिहू दिला. मृत्युपत्र असेल तर ते शेवटचंच आहे का आणि इतर वारसांना मान्य आहे का, हे विचारा. शंका राहिली तर दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्या, हरकतींसाठी चौदा दिवस ठेवा.

विक्रेता परदेशात असेल तर मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित झालेलं आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित केलेलं हवं. देणारा हयात आहे ना, याची खात्री व्हिडिओ कॉलवर करा, कारण तो गेला की मुखत्यारपत्रही संपतं. करही वेगळा कापावा लागतो. भारतात राहणाऱ्या विक्रेत्याच्या पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरावर तुम्ही एक टक्का टीडीएस कापून भरता. अनिवासी विक्रेत्याला तो दर लागू नाही, कपात बरीच मोठी असते. ती केली नाही तर आयकर खातं तुम्हालाच विचारतं, म्हणून आधी सीएला भेटा.

कर्ज आहे का, हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नका. मूळ कागद बघायला मागा. फक्त झेरॉक्स दाखवत असेल तर मूळ प्रती बँकेत असण्याची शक्यता धरा. सोसायटीच्या नोंदीत बोजा आहे का ते सचिवांना विचारा, सरसाईच्या, म्हणजे तारण मिळकतींच्या केंद्रीय, नोंदवहीत शोध घ्या.

टोकन हा माझ्या मते सगळ्यात नाजूक टप्पा, आणि तोच लोक घाईत उरकतात. रोख देऊ नका. एका पानाचा का होईना, कागद करा आणि त्यात तीन गोष्टी स्वच्छ लिहा. जमीनमालकाची हस्तांतरण परवानगी मिळाली नाही तर टोकन पूर्ण परत. परवानगी आणि तिचं शुल्क कुणी भरायचं. उरलेली रक्कम देण्याची मुदत परवानगी मिळाल्याच्या दिवसापासून मोजायची, सहीच्या दिवसापासून नाही. हे तिसरं वाक्य नसलं की परवानगी कचेरीत पडून राहते, तुमची मुदत संपते आणि विक्रेता टोकन जप्त झालं म्हणतो. सोडतीत लागलेलं म्हाडाचं घर पाच वर्षं विकता येत नाही. त्याआधी ‘ताबा घ्या, नाव नंतर लावू’ असं कुणी म्हटलं तर तिथून उठा.

नवी इमारत असेल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून मंजूर नकाशे, खटले आणि ताब्याची तारीख वाचा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त मागू शकत नाही. जमीन भाडेपट्ट्याची आहे का, ते तिथल्या टायटल रिपोर्टमध्ये, म्हणजे मालकीबद्दलच्या वकिली अहवालात, दिसतं. जुन्या इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आहे का हे स्वतः बघा.

सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, 25,000 रुपयांच्या वर घेता येत नाही. ‘डोनेशन’ म्हणून लाखभर मागितले तर लेखी मागणी द्या म्हणा. स्टिल्टमधलं पार्किंग बिल्डर वेगळं विकू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ठरवलं आहे. म्हणून विक्रेता पार्किंगचे वेगळे पैसे मागत असेल तर सोसायटीने ती जागा कुणाला वाटली आहे, ते ठरावातच वाचा.

घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवायचा असतो.

नोंदणी झाली की पेढे वाटून लोक थांबतात, पण सिडकोच्या जमिनीवर काम अर्धंच झालेलं असतं. नोंदवलेल्या दस्ताची प्रत देऊन तुमच्या नावे हस्तांतरणाचा आदेश काढून घ्या, तो सोसायटीला द्या, आणि शेअर सर्टिफिकेटच्या मागे तुमचं नाव चढवून पदाधिकाऱ्यांच्या सह्या घ्या. मग मालमत्ता कर आणि महावितरणचं बिल. विक्रेत्याचा फोन लागतो आणि तो सह्यांना येतो, तोवरच हे सगळं उरका.