खानदेशातील वृक्ष डेलिया: बहर ओसरल्यानंतरची काळजी

पौष-माघात वृक्ष डेलियाचा बहर ओसरला की पुढील वर्षाच्या झाडाची तयारी लगेच सुरू करावी. थंड देशांत या झाडाला हिमतुषार मारतात. तापीच्या खोऱ्यात त्याचा जीव वैशाखातील उन्हाळा घेतो. त्यामुळे परदेशी बागांसाठी लिहिलेले वेळापत्रक येथे जसेच्या तसे वापरू नये.

हे झाड मेक्सिकोपासून कोलंबियापर्यंतच्या डोंगराळ भागातले असून डेलिया इम्पेरिअलिस हे त्याचे शास्त्रीय नाव आहे. दिवस लहान होऊ लागल्यावरच त्याला कळ्या येतात. म्हणूनच ब्रिटनमध्ये उघड्यावर लावलेले झाड पुष्कळदा फुलण्याआधीच हिमतुषारांनी काळे पडते, तर सिडनीच्या बाजूला ते एप्रिल ते जूनच्या सुमारास, म्हणजे तिकडच्या शरदात, फुलते. जळगाव सुमारे २१ आणि मेक्सिको सिटी सुमारे १९ उत्तर अक्षांशावर असल्याने दिवसमानाच्या बाबतीत खानदेश या झाडाला परका नाही. मात्र मोटरच्या खोलीवर रात्रभर दिवा जळत असेल तर त्याच्या उजेडात झाड लावू नये, कारण रात्र पुरेशी अंधारी नसेल तर कळ्या येणे लांबते.

फुले संपल्यावर जून खोड जमिनीपासून वीतभर ठेवून कापावे. बांबूसारखे हे खोड दोन पेरांच्या मध्ये पोकळ असते. पेराच्या बरेच वर कापले तर त्या पोकळीत पाणी साचून खालचा गड्डा सडतो, म्हणून काप पेराच्या लगत वर घ्यावा आणि त्यावर बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी. कापलेल्या खोडाचे जाड, निरोगी भाग बेणे म्हणून ठेवावेत. उसाप्रमाणे दोन-दोन डोळ्यांची टिपरी करून ती शेणखत व वाळू मिसळलेल्या मातीत आडवी, ५ ते १० सेंटिमीटर खोल, सावलीत लावावीत. ओल बेताची ठेवावी. चिखल झाला की टिपरी फुटण्याआधीच कुजतात.

चैत्रापासून खरी काळजी लागते. पारा ४४-४५ अंशांवर गेला की कोवळे फुटवे करपतात आणि कंद तापलेल्या मातीत सुकतात. बुंध्यावर केळीची वाळलेली पाने किंवा उसाचे पाचट जाड अंथरावे, पश्चिमेकडून शेडनेट बांधावे आणि हलके पाणी संध्याकाळी द्यावे. कंद विश्रांतीत आहेत असे समजून पाणी पूर्ण तोडणे आपल्याकडे घातक ठरते. पानांच्या मागे लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) दिसल्यास प्रथम पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारावा.

पाऊस चांगला सुरू झाल्यावर रोपे कायमच्या जागी न्यावीत. भारी काळ्या जमिनीत सपाट खड्डा करू नये, कारण आषाढ-श्रावणात त्यात पाणी तुंबते; गादीवाफा उंच करून निचऱ्याची चर काढावी. एका हंगामात हे झाड तीन-चार मीटर किंवा त्याहूनही उंच वाढते आणि त्याचे पोकळ खोड वादळी वाऱ्यात पेरापाशी मोडते. केळीच्या बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताचे कुंपण असतेच, त्याच्या आडोशाची जागा सर्वांत चांगली. उंची आवरायची असेल तर जुलैपर्यंत शेंडा खुडावा. ऑगस्टच्या मध्यानंतर खुडल्यास फुलोऱ्याचेच नुकसान होते.

सातपुड्यात तोरणमाळ आणि डाबच्या परिसरात उन्हाळा सौम्य असल्यामुळे हे झाड मैदानापेक्षा तेथे अधिक सुखाने वाढेल. मात्र कडाक्याच्या थंडीत तेथे दवबिंदू गोठतात आणि थंड हवा खोलगट जागी साचते, म्हणून नाल्याकाठची जागा टाळून उताराचा मधला भाग निवडावा.

तोडलेले फूल लवकर मलूल होत असल्याने झेंडूसारखे बाजाराचे पीक म्हणून याच्या लागवडीचा सल्ला देता येत नाही. बांधावर, घराजवळ किंवा रोपवाटिकेत चार-दोन झाडे लावून, त्यांनी एक उन्हाळा काढल्यावरच त्यांच्यापासून बेणे वाढवावे.